बोटीवरच्या विमानाचा ओढदांडा

"गावठी माणसाच्या हातात बोटीवरच्या विमानाचं काम दिलं, दुसरं काय होणार होतं?"

प्लायवूडच्या भिंतीपलीकडून आमच्या हेड ड्राफ्ट्समन साहेबांचा आवाज आला. त्यावर मॅनेजर काहीतरी पुटपुटले आणि दोघं इंग्रजीत बोलू लागले. माझ्या रुलिंग पेनच्या टोकाशी थेंब जमला होता, तो समोरच्या ट्रेसिंगच्या कापडावर पडला. मी टिपकागदानं टिपला. वाळल्यावर ब्लेडनं खरवडावा लागणार होता. सकाळपासूनचा तो तिसरा डाग.

ज्याच्याबद्दल ते बोलत होते तो आमच्या कारखान्यातला एक फिटर होता. बदलापूरपलीकडे बारवीच्या बाजूला त्याचा पाडा. भाताची थोडी जमीन, ती भाऊ बघायचा. हा हेल्पर म्हणून लागला आणि आठ वर्षांत, कुणी न शिकवता, दुसऱ्यांच्या खांद्यावरून बघत ड्रॉइंग वाचायला शिकला. त्या वर्षीच त्याला फिटर केलं होतं. वयानं माझ्या काकांएवढा, म्हणून मी त्याला काका म्हणायचे. तो मला बाय म्हणायचा.

आणि त्या सकाळी त्यानं बनवलेले सहाच्या सहा नग परत आले होते. एकही बसत नव्हता.

अंबरनाथच्या त्या खाजगी कारखान्यात मी ट्रेसर होते. ट्रेसरनं मूळ ड्रॉइंगवर मेणकापडासारखं निळसर कापड ताणायचं, खडूची पूड चोळायची आणि खालची प्रत्येक रेघ काळ्या शाईनं वर उतरवायची. मग त्या कापडावरून गच्चीत उन्हात फ्रेम ठेवून निळ्या प्रती काढत आणि त्या शॉपमध्ये, म्हणजे यंत्रशाळेत, जात. आठ तासांत स्वतःची म्हणून एकही रेघ मारायची नसते. पावसाळ्यात हाताला घाम आला की कापड सुरकुततं, म्हणून मनगटाखाली रुमाल ठेवायचा. पाच वाजता मान वर केली की खिडकीबाहेरची झाडंसुद्धा काही वेळ रेघांचीच दिसत. एक स्टेशन जाऊन बदलापूरला उतरायचं, गावापर्यंत चालायचं, घरी वडिलांना औषध द्यायचं, धाकट्यांचा अभ्यास बघायचा. प्रकृतीमुळे वडिलांची नोकरी सुटली होती. माझी नोकरी सुटून चालणार नव्हतं, हे घरात कुणी बोलत नसे, इतकं ते सगळ्यांना माहीत होतं.

मी मामांकडे मुंबईत राहून इंग्रजी शाळेत शिकले. त्याचा फायदा एवढाच झाला की ड्रॉइंगवरचं सगळं वाचता यायचं. तोटा असा की मनात आलेलं वाक्य मराठीत नीट मांडेपर्यंत बोलायची वेळ निघून गेलेली असायची. ऑफिसात मी गप्प असते याचं कुणाला काही वाटत नसे. ट्रेसर गप्पच बरी, असं साहेब एकदा म्हणाले होते, तेही चांगल्या अर्थानं.

शेजारच्या टेबलावर एक सिंधी बाई होत्या. फाळणीनंतर आलेल्या, निर्वासितांच्या कॅम्प पाचच्या बराकीत राहणाऱ्या, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या. मी त्यांना अदी म्हणायचे. त्यांच्यात मोठ्या बहिणीला तसं म्हणतात. माझ्या वाटणीचं बोलणं त्याच बोलून टाकत.

पावसाळा संपता संपता नौदलाचे एक अधिकारी कारखान्यात आले होते. पांढराशुभ्र पोशाख. आमच्या तेलकट शॉपमध्ये ते कुठे टेकणार याची मॅनेजरांना काळजी. लवकरच देशाला एक मोठी बोट मिळणार होती, जिच्या पाठीवरून विमानं उडतील आणि तिथेच उतरतील. त्या विमानांसाठी जमिनीवर लागणारं छोटंमोठं सामान इथेच करून घ्यायचं ठरत होतं. त्यातली एक लहानशी गोष्ट आमच्याकडे आली होती: ओढदांडा. इंजिन बंद असलेलं विमान डेकवरून इकडेतिकडे न्यायचं तर त्याच्या पुढच्या चाकाला लांब दांडा अडकवून ओढावं लागतं. त्या दांड्याचं टोक, जे चाकाला धरतं, ते आम्ही करायचं. शॉपमध्ये त्याला सगळे मुंडकं म्हणत.

अधिकाऱ्यांनी फोटो आणले होते. एकेक फोटो हातोहात फिरला. विमान दिसायला अगदी साधं होतं, सरळ पंखांचं, पुढे फिरणारा पंखाच नाही. अदी म्हणाल्या, "अरे, इसका तो नाकच नाही." मग अधिकाऱ्यांनी खडू मागितला आणि शॉपच्या फरशीवर बोटीच्या डेकची रुंदी आखून दाखवली. आखताना मशीनींमधल्या वाटा संपल्या, रेघ दारापाशी गेली, तरी विमान उतरायला ती जागा आम्हाला फार अरुंदच वाटली.

ते इंग्रजीत बोलत होते. काका माझ्या मागे येऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "काय सांगतो तो, बाय?"

मी तितक्याच हळू सांगत गेले. आधीच्या बोटीवरच्या विमानांना नाकावर पंखा असायचा, शेपटी खाली टेकलेली असायची, त्यामुळे उतरताना वैमानिकाला पुढचं नीट दिसायचंच नाही. याला पंखा नाही. इंजिन पोटात आहे, हवा ओढतं आणि दोन्ही कुशींतून मागे फेकतं. म्हणून वैमानिक अगदी पुढे बसतो आणि विमान तीन चाकांवर सपाट उभं राहतं. पंख मधून वर मिटतात, कारण बोटीच्या पोटात जागा कमी. नाकाखाली चार तोफा. इथून पुण्याला दहा मिनिटांच्या आत पोचेल.

"धा मिन्टांत?" काका म्हणाला. "मंग थांबतो कसा?"

मला माहीत नव्हतं. पण तो प्रश्न अदींनी ऐकला आणि त्यांनी तो मोठ्यानं, हिंदीत, अधिकाऱ्यांच्या अंगावर टाकला. "साहब, हमारे फिटरजी पूछते हैं, ये रुकता कैसे है?"

सगळे हसले. अधिकारी मात्र खूष झाले. म्हणाले, हाच खरा प्रश्न. शेपटीखाली एक आकडा असतो. डेकवर आडव्या तारा ताणलेल्या असतात. विमान येतं, आकडा तारेत अडकतो आणि ते तिथल्या तिथे धरलं जातं.

"आन तार चुकली तर?" काकानं मला विचारलं. मी अदींकडे पाहिलं, अदींनी पुन्हा विचारलं.

पंख्याचं इंजिन लगेच जोर धरायचं, अधिकारी म्हणाले, जेटचं तसं नाही. त्याला वेग घ्यायला वेळ लागतो. म्हणून सरळ डेकवर पूर्वी पुढे जाळं बांधावं लागे आणि तरी विमानं पुढच्या विमानांवर जाऊन आदळत. आता डेकचा उतरण्याचा भाग थोडा तिरका काढतात. वैमानिक डेकला टेकताक्षणी इंजिन पूर्ण जोरात सोडतो, तार मिळाली असो वा नसो. मिळाली नाही तर समोर समुद्र मोकळा असतो. तो तसाच उडून जातो आणि फेरी मारून परत येतो.

हे मी काकाला सांगितलं. त्यानं फरशीवरच्या खडूच्या रेघांकडे पाहिलं. "म्हंजे थांबायच्या टायमालाच पळायची तयारी ठेवायची," तो म्हणाला. "डोकं पायजे." मग मला म्हणाला, "हे मुंडकं मी करनार हां बाय. साहेबाला सांग." मी सांगितलं नाही. त्यानंच जाऊन मागितलं आणि ते त्याला मिळालं.

ड्रॉइंग आलं तेव्हा ते माझ्या टेबलावर आलं. विमान बनवणाऱ्या विलायतेतल्या कंपनीचं. मोठा कागद, बारीक नेटक्या रेघा. मुंडक्याला दोन कान, डावा मोठा, उजवा लहान, आणि मधून निघणारा एक दांडा. समोरून पाहिलं तर दांडा सरळ दिसत होता. पण तो सरळ नव्हता. चाकावरच्या झाकणाला लागू नये म्हणून एका अंगाला वाकवलेला होता. तो वाक फक्त बाजूच्या चित्रात कळत होता.

आता हे थोडं समजावून सांगायला हवं. एखादी वस्तू कागदावर काढताना ती समोरून काढतात आणि शेजारी बाजूनं काढतात. आमच्या कारखान्याची रीत अशी, की डाव्या बाजूनं जे दिसतं ते उजवीकडे काढायचं. जणू वस्तूवर उजेड टाकला आणि तिची सावली पलीकडे पडली. सगळा शॉप तेच शिकलेला. काही कंपन्या मात्र उलटं करतात: डावीकडून दिसलेलं डावीकडेच. दोन्ही रीती बरोबर. फक्त कोणती वापरली आहे ते कागदाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं.

आमच्या ऑफिसचा रिवाज होता की बाहेरून आलेल्या ड्रॉइंगचा तो कोपरा उतरवायचाच नाही. तिथे परक्या कंपनीचं नाव, नंबर, सह्या असायच्या. त्या जागी आपल्या कारखान्याची चौकट काढायची, त्यात मी माझी आद्याक्षरं घालायची आणि मग साहेब तपासल्याची सही करायचे. मी रुजू झाले त्याच दिवशी साहेबांनी पेन्सिलनं तो कोपरा खोडून दाखवला होता. "हा भाग तुमच्यासाठी नाहीच असं समजा."

मी तो वाचला होता. मला सगळंच वाचायची सवय आहे, साबणाच्या वेष्टनापासून. थर्ड अँगल प्रोजेक्शन, म्हणजे ती उलटी रीत, असं तिथे होतं. मी पेन हातात धरून काही वेळ बसले. आमच्या चौकटीत तसं काही लिहायला जागा नव्हती. विचारावं असं वाटलं. साहेब तेव्हा फोनवर होते, मग जेवणाची सुट्टी झाली, मग दुसऱ्या ड्रॉइंगची घाई निघाली. मी कोपरा सोडला, आमची चौकट काढली, आद्याक्षरं घातली. साहेबांनी चहा पिता पिता सही केली.

काकानं प्रत वाचली, आमच्या रीतीनं वाचली, आणि दांडा जिकडे वाकायला हवा त्याच्या बरोबर उलट्या अंगाला वाकवला. सहा वेळा. फार सुबक काम होतं. अधिकाऱ्यांनी चाकाचा लोखंडी नमुना आणला होता. त्यावर मुंडकं लावलं की दांडा सरळ झाकणाच्या जागी जाऊन ठेपायचा. पालथं करून लावावं तर मोठा कान लहान कानाच्या जागी येई.

त्या सकाळी साहेबांचं ते वाक्य ऐकलं तेव्हा नग परत का आले, हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. पण मला कळलं. तो सोडलेला कोपरा डोळ्यांपुढे आला.

जेवणाच्या सुट्टीत मी मूळ ड्रॉइंग कपाटातून काढून पाहिलं. अक्षरं होती तिथेच होती. मी अदींना दाखवलं. त्यांनी हातातली कोकी खाली ठेवली. कोकी म्हणजे त्यांची जाड कांदा घातलेली पोळी. बोट कपड्याला पुसून त्यांनी ती ओळ वाचली.

"किसीको बताया?"

"नाही."

"मत बता." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "चरी आहेस काय? वेडी? सही कुणाची आहे खाली? साहेबची. तू बोलशील की चूक ड्रॉइंगची, म्हणजे साहेबची. मग साहेब बोलेल की चूक ट्रेसरची. मग तू घरी. तुझे पिताजी बीमार, घरात चार जण. सोचकर बोल."

"आणि काका?"

अदींनी ड्रॉइंग माझ्याकडे सरकवलं. "त्याला मशीनवरनं काढून परत हेल्पर करतील," त्या म्हणाल्या. "हात-पाय तर नाही तोडणार ना." पुन्हा कोकी उचलली, पण खाल्ली नाही. डबा झाकला.

दुपारी मी साहेबांच्या दाराशी गेले. त्यांच्या टेबलावर माझंच कापड पसरलेलं होतं आणि शेजारी मूळ ड्रॉइंग. त्यांच्या चष्म्याखालचे डोळे थकलेले दिसले. मला वाटतं त्यांनाही तोवर कळलं होतं.

"सर, तो कोपरा..." मी म्हणाले.

"बसा," ते म्हणाले. मग स्वतःच उठून दार लोटलं. "मिस, तुमचं अक्षर चांगलं आहे, रेघ स्वच्छ आहे. मी तुमच्याबद्दल मॅनेजरांशी नेहमी चांगलंच बोलतो. या ऑर्डरमागून मोठी ऑर्डर येणार आहे. ड्रॉइंग ऑफिसनं घोळ घातला असं नौदलाच्या कानावर गेलं तर ती येणार नाही, आणि मग शॉपमधले वीसजण कमी होतील. फिटर वाचताना चुकला, असं एकदा म्हटलं की विषय मिटतो. फिटर चुकतातच."

"पण ते चुकले नाहीत."

हे मी इतकं हळू म्हणाले की त्यांनी ऐकलं की नाही, मला ठाऊक नाही. ते कापडाची गुंडाळी करत होते. "तुम्हाला बरं वाटत नसेल तर लवकर घरी जा," ते म्हणाले.

मी गेले नाही. जागेवर येऊन बसले आणि डाग खरवडला. घरी जाऊन सांगावं तरी काय, याचा विचार करत होते. तेवढ्यात शिपाई आला. मॅनेजरांनी बोलावलंय, पेन आणि कागद घेऊन या.

इन्स्पेक्शनच्या खोलीत लांब टेबलावर ती सहा मुंडकी ओळीनं मांडली होती. मॅनेजर होते, साहेब होते, नौदलाचे अधिकारी खिडकीपाशी उभे होते. काका टेबलाच्या या टोकाला उभा होता. टोपी काढून दोन्ही हातांत धरलेली. त्याला बसायला कुणी सांगितलं नव्हतं. सगळे इंग्रजीत बोलत होते. मध्येमध्ये तो ज्याचं बोलणं चाले त्याच्या तोंडाकडे बघत होता.

मॅनेजरांनी मला इंग्रजीत एक मजकूर सांगितला आणि सुवाच्य अक्षरात लिहायला लावला. दोनच वाक्यं होती. मी सदर काम करताना ड्रॉइंग नीट वाचले नाही. झालेली चूक पूर्णपणे माझी आहे. मी लिहिलं. ड्रॉइंगवर लिहितात तशी सुटी, सारखी अक्षरं माझ्या हातून आपोआप उमटली.

"त्याला मराठीत वाचून दाखवा," मॅनेजर म्हणाले, "आणि सही घ्या. सही येते ना त्याला?"

"येते," साहेब म्हणाले.

अधिकाऱ्यांनी एक मुंडकं उचलून हातात फिरवून पाहिलं. साहेबांना ते इंग्रजीत म्हणाले, काम अतिशय सफाईचं आहे, वाईट वाटतं. साहेबांनी मान हलवली.

काका कागदावर वाकला. त्याच्या नखांत तेल होतं, बोटाला एक जुना काप. "बघ ना बाय," तो हळू म्हणाला, "सकाळधरनं तीन वेळा पायला मी तो कागद. मना चुकी गावतच नाय. तुमी शिकल्यात, मना दावा तरी. पुन्यांदा नाय करनार." मग कागदावर बोट ठेवलं. "काय लिवलंय यात?"

साहेब माझ्याकडे बघत होते. त्यांच्या नजरेत धमकी नव्हती. असती तर बरं झालं असतं. विनंती होती. मला घर आठवलं, वडिलांची खाट, आणि एकाएकी फार थकवा आला. गप्प राहायलाही ताकद लागते. ती त्या दिवशी माझ्याकडे उरली नव्हती, याहून मोठं कारण मला देता येत नाही.

इंग्रजीत बोलले असते तर सोपं गेलं असतं. खोलीतल्या तिघांना ते समजलं असतं. पण विचारलं काकानं होतं. मी कागद त्याच्या बोटाखालून ओढून घेतला आणि म्हणाले, "यात लिहिलंय की तुम्ही ड्रॉइंग चुकीचं वाचलंत. सही करू नका, काका. तुम्ही बरोबर वाचलंत. कोपऱ्यातली एक ओळ होती, ती मी उतरवलीच नाही."